ठकीचं ऐकतेस तसं

वकीलबाई जया,

काल शेणव्याहून तुझा डबा घेऊन शहापूरच्या कोर्टात आले, तर डोळखांबची ठकी तुझ्यासमोर नवऱ्याच्या नावानं रडत व्हती. "मावशी, सावकाश सांगा, घाई नाय," तू म्हणालीस, नि माझा डबा तिच्यापुढं सरकवलास. मी तोंड उघडलं तर म्हणालीस, "आई, रविवारी बोलू." रविवारी घरी येतेस नि जेवता जेवता झोपतेस. जळते गो मी तिच्यावर! तुझ्या बापानं मला कधी मारलं नाय, तो काय माझा गुन्हा? आता त्याच्याशी भांडण काढते, नि तुझी अशील होऊन येते.

पत्र टाकत नाय. वाचून धावत येशील, नि तिकडं ठकीची तारीख हुकल.

तुझी आई