तुझ्याशिवायची मालिका

टोकावडे,
१५ डिसेंबर २०२५

प्रिय कुणाली,

कशी आहेस? पोलिसांच्या ट्रेनिंगमध्ये पत्र उघडून बघतात की तसंच देतात, ते कळव. उघडून बघत असतील तर साहेबांनाही माझा नमस्कार.

इकडे सगळे बरे. आमची भाताची झोडणी उरकली. तुमच्याकडचीही झाली, तुझा दादा परवाच पेंढा रचताना दिसला. तुझी आई, ताराकाकू, भेटल्या होत्या. तब्येत चांगली आहे. फक्त कुणी तुझं नाव काढलं की पदर डोळ्याला लावतात आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागतात. थंडी अशी पडलीय की सकाळी प्रॅक्टिसला बोटं वळत नाहीत.

भागीचं घर बंद आहे. वाडीतले बरेचजण वीटभट्टीवर गेले, तीही आईबापाबरोबर गेली. म्हणजे आपली एकुलती एक स्पिनर आता पावसाळ्याच्या तोंडाशी परत येणार. आणि सारिकाचं बोट मोडलं. प्रॅक्टिसमध्ये कीपिंग करताना बॉल थेट करंगळीवर बसला. पट्टी बांधून रोज ग्राउंडवर येते आणि आमच्या चुका मोठ्याने सांगते.

तू विचारशील, मॅचचं काय? मॅच झाली. शहापूरच्या पोरींशी, त्यांच्याच ग्राउंडवर, शनिवार-रविवार दोन्ही दिवस. त्यांनी जेवण छान केलं होतं. आपल्या कोचने, काळूराम सरांनी, भाषण केलं, की बायांनी वर्ल्ड कप आणला, आता आपल्या तालुक्यांतल्या पोरींनीही लाल बॉलवर दोन-दोन इनिंगचं खरं क्रिकेट खेळत राहायचं, तीन मॅचची मालिका दरवर्षी होत राहणार. गेल्या वर्षीचा चषक आपण नेला होता तो त्यांनी टेबलावर ठेवायला मागून घेतला. आपण जिंकलो किंवा मालिका बरोबरीत सुटली तर तो आपल्याकडेच राहणार.

अकरावी खेळाडू मिळत नव्हती, पण आयत्या वेळी एकजण आली. कोण ते आत्ता सांगत नाही, तू चिडशील.

बरं, सांगून टाकते. डावाने हरलो. त्यांची ओपनिंगची जोडी जेवणापर्यंत हललीच नाही. तू असायचीस तेव्हा पहिल्या दोन-तीन ओव्हरमध्ये कुणाचा तरी स्टंप उडायचा, आणि आम्ही स्लिपमध्ये गप्पा मारत उभ्या असायचो. कुणे, आम्हाला विकेट काढायची सवयच नव्हती गो. ते काम तुझं होतं.

सरांनी मला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय. ते नंतर लिहीन.

जेवत जा.

तुझी,
दर्शना

* * *

टोकावडे,
२२ डिसेंबर २०२५

प्रिय कुणाली,

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा तुझ्या मागे रांग होती, कुणीतरी "चल, आटप" म्हणत होतं, आणि तू रडत होतीस. त्यामुळे मला नीट बोलता आलं नाही. आज बसून लिहितेय.

आधी मॅच. मुरबाडच्या ग्राउंडवरची ही दुसरी मॅच आपण वाचवली. जिंकलो नाही, पण हरलोही नाही. शेवटच्या दिवशी चहानंतर आपल्या नऊ विकेट गेलेल्या, आणि माझ्या जोडीला आली कमळ. तीच कमळ, जिचे पॅड उलटे बांधलेत म्हणून आपण पोट धरून हसलो होतो. मी तिला म्हटलं, "कमळ, मारायचं नाय. बॅट फक्त बॉलच्या आड धर."

ती म्हणाली, "मला कुठं मारता येतंय, दर्शना? आड धरणंच जमतं."

आणि तिने धरली! अंगावर बॉल घेतले, हेल्मेटवर एक बसला, तरी हलली नाही. शहापूरच्या सगळ्याजणी तिच्याभोवती हात पसरून उभ्या, बडबड करतायत, आणि ही मान खाली घालून पुढच्या बॉलची वाट बघतेय. सूर्य टेकडीमागे गेला, अंपायरने बेल्स उडवल्या, तेव्हा कमळने मला विचारलं, "जिंकलो का गो?" मी म्हटलं, "जवळजवळ."

आता अकरावीचं सांगते. तुझी वैनी. निर्मला वैनी.

चिडलीस ना? ऐक तरी. तुझे स्पाइकचे बूट कुणाला तरी होतील म्हणून मी तुमच्या घरी मागायला गेले होते. वैनी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "बूट माझ्या पायाला होतात. मी येऊ का?" मला वाटलं मस्करी करतायत. तर सूप बाजूला ठेवून त्यांनी ओट्यावरचं एक लिंबू उचललं आणि बोटांत असं फिरवून माझ्याकडे टाकलं, की टप्पा पडल्यावर ते भलतीकडेच वळलं.

त्यांचं माहेर शहापूरकडचं, भातसानगरचं, हे आपल्याला ठाऊक होतं. वडील धरणावर कामाला होते. पण तिथल्या कॉलनीच्या ग्राउंडवर त्या पोरांत खेळून वाढल्या, हे तुला तरी माहीत होतं का? लग्न होऊन एवढी वर्षं तुमच्या घरात आहेत, दोन पोरांची आई आहेत, आणि आपल्याला कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

ताराकाकू आतून ओरडल्या, "सुनेनं पँट घालून मैदानात जायचं? लोक काय म्हणतील?"

वैनी शांतपणे म्हणाल्या, "आई, लेक पोलिसात पँटच घालते. ती चालते ना?"

तुझा दादा गालात हसला आणि पोरांना आंघोळीला घेऊन गेला.

मी नावाची कॅप्टन. पहिल्या मॅचमध्ये वैनींना बाउंड्रीवर उभं केलं आणि विसरून गेले. बॉल दिलाच नाही. या मॅचमध्ये कुणीच विकेट काढेना तेव्हा नाइलाजाने दिला. चार विकेट काढल्या त्यांनी. तुला त्यांचा राग आहे, मला माहितीय. तू निघालीस त्या दिवशी एसटीत चढताना त्या तुला म्हणाल्या होत्या, "आता परत यायचं नाय." तुला ते घरातून काढल्यासारखं लागलं. तेव्हापासून तू घरी फोन केलास की त्यांच्याशी बोलत नाहीस. मला काकूंनी सांगितलं.

आता तुझ्या फोनचं. तू म्हणालीस, पायाच्या नळ्या दुखतात, पहाटेचं धावणं सोसत नाही, तिथे जिवाभावाचं कुणी नाही. तू म्हणालीस, अर्ज देऊन निघता येतं, चौकशी केलीय. आणि म्हणालीस, "टीम हरतेय, दर्शना. तू नुस्तं ये म्हण, मी शेवटच्या मॅचला ग्राउंडवर असते."

पहिल्या मॅचनंतर काळूराम सर मला हेच म्हणाले होते. कुणालीला बोलावून घे, नायतर चषक गेला. सगळ्या पोरींचंही तेच. मी तेव्हा हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कालही फोनवर मी "बघू" म्हणाले. खरं सांगू? ओठावर "ये" होतं. नव्या बॉलने तू धावत येतेयस आणि मी स्लिपमध्ये उभी आहे, असं चित्र डोळ्यांपुढून जातच नाही.

पण माझं उत्तर अजून ठरत नाही. रविवारपर्यंत थांब. अर्ज देऊ नकोस. एवढं ऐक माझं.

दर्शना

* * *

टोकावडे,
२९ डिसेंबर २०२५

कुणे,

जिंकलो!

काल तुझा फोन आला तेव्हा मी ग्राउंडच्या मधोमध होते, ढोल चालला होता, कमळला कुणीतरी खांद्यावर घेतलं होतं. तू "काय झालं, काय झालं" ओरडत होतीस एवढंच कळलं आणि लाइन तुटली. म्हणून आता सगळं पहिल्यापासून.

मॅच आपल्या टोकावड्यालाच होती. माळशेजकडे जाणाऱ्या एसटीवाल्यांनीसुद्धा गाडी हळू करून स्कोअर विचारला. दोन दिवस रस्त्याकडेला माणसं उभी होती, ढाब्यावरचे लोक खुर्च्या घेऊन आले होते. आपण पहिल्या इनिंगमध्ये एकशे अठरा, त्यांनी एकशे एकतीस केले. दुसऱ्या इनिंगमध्ये आपण एकशे सहावर गडगडलो. म्हणजे त्यांना जिंकायला फक्त चौऱ्याण्णव. आणि आपल्याला जिंकल्याशिवाय चषक राहणार नव्हता.

जेवणाच्या वेळी सगळ्या ताटात बघत बसल्या. सारिका तेवढी पट्टीचा हात नाचवत म्हणाली, "खेळपट्टी बघा गो. सगळी फुटलीय. त्यांना तिथं उभं राहायचंय, आपल्याला नाय." आपल्या वेळी मॅच इतकी लांबायचीच नाही, कुणे. तू दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळं आटपून टाकायचीस. माती फुटल्यावर काय होतं, ते आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

मी नवा बॉलच वैनींच्या हातात दिला. लोक हसले. शहापूरच्या एकीने ओरडून विचारलं, "निर्मला, तू आमच्या गावची! आमालाच आउट करणार?"

वैनी म्हणाल्या, "माहेरचं माणूस आहे म्हणून सांभाळून टाकते."

पहिलाच बॉल टप्पा पडून हातभर वळला. त्यांची ओपनर त्याच्याकडे बघतच राहिली. मग एकामागून एक. एक एलबीडब्ल्यू, एक बोल्ड, एक कमळच्या पोटात झेल. कमळने तो पकडला की तो तिच्यात अडकला, देव जाणे. पण त्यांची कॅप्टन एका बाजूने उभी राहिली. चांगली खेळते, मान्य करायला हवं. शेवटची विकेट राहिली आणि त्यांना हवे होते सोळा. तिने वैनींना लागोपाठ दोन चौकार मारले. उरले आठ.

काळूराम सर बाहेरून हात हलवायला लागले, बोलर बदल म्हणून. आपल्याही पोरी म्हणू लागल्या, वैनी दमल्या. मी त्यांच्याकडे गेले. घामाने केस कपाळाला चिकटले होते, तुझ्या बुटात पाय सुजले होते.

मी विचारलं, "वैनी, दमलात?"

"दमले. पण बॉल दुसऱ्या कुणाला देऊ नको."

कुणे, त्या क्षणी मला तुझी आठवण झाली नाही. पहिल्यांदाच. मी मिड-ऑनला जाऊन उभी राहिले आणि सरांकडे बघितलंच नाही.

वैनींनी पुढचा बॉल आणखी उंच, आणखी हळू टाकला. कॅप्टनने पाय पुढे टाकून हाणला. बॉल सरळ आभाळात गेला. मी मागे धावले, पलीकडून कमळ धावत आली. असा उंच बॉल आजवर नेहमी तुझा असायचा. तू ओरडायचीस आणि आम्ही बाजूला व्हायचो. काल मी ओरडले, "माझा!" रस्त्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे. कमळ जागच्या जागी थांबली. बॉल खाली यायला फार वेळ लागला. हातात बसला तेव्हा तळवे झिणझिणले, आणि मी आहे तिथेच खाली बसले.

सात रनांनी जिंकलो. मालिका एक-एक. चषक आपल्याकडे. वैनींच्या सहा विकेट.

ताराकाकू आल्या होत्या! येणार नाही म्हणाल्या होत्या, पण शेवटी आंब्याखाली पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या दिसल्या. सगळ्या बाया वैनींभोवती जमल्या तेव्हा काकू गर्दीतून वाट काढत गेल्या, आपल्या पदराने सुनेचं तोंड पुसलं आणि आजूबाजूला सांगत सुटल्या, "आमची सून हाय ती. आमची!"

सगळं शांत झाल्यावर वैनी बूट काढून बसल्या. मी त्यांच्यापाशी गेले आणि तुझ्या फोनचं सगळं सांगितलं. तू निघून येणार म्हणतेस ते. पायाची बोटं चोळत त्या म्हणाल्या, "मी पण गेले होते गो. ठाण्याला, निवडीच्या कॅम्पला. चौथ्या दिवशी घरची आठवण आली म्हणून परत आले. घरच्यांनी जवळ घेतलं, गोडधोड केलं. परत जा असं कुणी म्हटलंच नाय. पुढच्या वर्षी लग्न झालं. म्हणून मी तिला एसटीत चढताना तसं म्हटलं. नीट सांगायला पायजे होतं. पण रडू येत होतं, एवढंच तोंडातून निघालं."

हे तू वाच, आणि पुन्हा एकदा वाच.

आता माझं उत्तर. नको येऊस.

आधीच्या दोन पत्रांत मी हे टाळलं, कारण तू नसताना आम्ही उभ्या राहू की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. हरलो असतो तर कदाचित मी "ये" लिहिलं असतं, आणि तू आली असतीस. आता तसं लिहायचं कारण उरलेलं नाही. तुझी आठवण येते, रोज येते, सकाळी प्रॅक्टिसला जास्त येते. पण टीमला तुझ्यावाचून चालतंय. हे लिहिताना हात जड झाला, तरी आनंदाने लिहितेय. नव्या बॉलची जागा वैनींनी घेतली आहे आणि त्या ती सहज सोडतील असं मला वाटत नाही. ट्रेनिंग पुरं करून, वर्दी घालून ये आणि त्यांच्याकडून ती हिसकावून घे. तोवर इथे तुझ्यासाठी मोकळी जागा नाही.

पायाला तिथल्या डॉक्टरांना दाखव, लपवू नकोस. येत्या रविवारी फोन मिळाला की मला करू नकोस. घरी कर आणि वैनींना बोलाव म्हण. त्या आत्तापासून तयारी करतायत, काय बोलायचं याची.

तुझ्या परेडला आम्ही सगळ्याजणी येणार. कमळने साडीसुद्धा ठरवलीय.

तुझी मैत्रीण, आणि कालपासून खरोखरची कॅप्टन,
दर्शना