डावीकडे ओढणारी गाडी आणि तुझा ग्रीसचा डबा

प्रिय बाळ,

रविवार, ८ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, पेट्रोल पंपापुढच्या वळणावर तू माझ्या हातातलं स्टीअरिंग धरलंस. तुझी बायको मागच्या सीटवर होती, ती साक्षीदार. दुपारी जेवताना तू माझ्या मुलाला आणि सुनेला सांगितलंस की ताईची मनगटं गेली, गाडी सारखी डावीकडे जाते आणि तिला पत्ताही नसतो. मग खुंटीवरची किल्ली काढून खिशात घातलीस आणि वर आमटी पुन्हा वाढून घेतलीस. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला मी अजून बाळ म्हणते, म्हणून त्याने बाळासारखं वागावं असा त्याचा अर्थ नाही. त्यात आता कळतंय की गाडी मला देऊनही तिचे कागद तुझ्याच नावावर राहिल्याचा फायदा घेऊन तू परस्पर गिऱ्हाईकही पाहिलं आहेस, आणि ते येत्या शनिवारी गाडी न्यायला येणार आहे.

गाडी डावीकडे ओढत होती, हे मला मान्य आहे. मीच ते सगळ्यांना केव्हापासून सांगत होते. दर वेळी चाकं एका रेषेत लावून देणाऱ्या अलाइनमेंटवाल्याकडे नेली की ती सरळ व्हायची, आणि आठवडाभरात पुन्हा डावीकडे. तो मला मशीनच्या पडद्यावरचे हिरवे आकडे दाखवायचा आणि म्हणायचा, "मावशी, मशीन खोटं बोलत नाही. तुमचा हात बघा जरा." उभी हयात मी वॉर्डात काढली. रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट कण्हतोय, असं असलं की आम्ही पेशंटला शहाणपण शिकवत नव्हतो, पुन्हा तपासत होतो. तुमच्या सगळ्यांच्या लेखी मात्र गाडी ठणठणीत आणि ताई आजारी.

दुसरी किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात असते, हे तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालं, पण डबा मी हलवलाय.

तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तपासणी सुरू केली. आधी टायर. पुढच्या दोन्हींत हवा सारखी भरून घेतली आणि त्या चाकांची डावी-उजवी अदलाबदल केली. दोष टायरात असता तर गाडी उजवीकडे ओढायला हवी होती. ती डावीकडेच गेली. मग चिरंजीवांना स्टीअरिंगवर बसवलं आणि मी सतरंजी टाकून गाडीखाली गेले. तो चाक थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवत राहिला आणि मी एकेका सांध्यावर हात ठेवून पाहिलं. सांधा सैल असला की हाताला टकटक लागते. एकही सैल नव्हता. वरून चिरंजीव विचारत होते, "आई, कुणी बघितलं तर काय म्हणेल?" मी म्हटलं, म्हणेल की या बाईंच्या मुलाला गाडीखाली शिरता येत नाही. एक मात्र कबूल करते, तू गाडी एवढी उंच केल्यापासून तिच्याखाली शिरणं फार सोयीचं झालंय. वर चढायला स्टूल लागतं ते सोड.

सांधे धड, टायर धड, तर मग बिघडतंय काय? मी सुनेची लाल नेलपॉलिश घेतली. चाकाला धरून ठेवणारा जो खालचा दांडा असतो, त्याच्या बुडाशी एक बोल्ट आणि चकती असते. अलाइनमेंटवाला तीच चकती फिरवून चाक किंचित पुढे-मागे करतो आणि बोल्ट आवळतो. मी दोन्ही बाजूंना चकतीवरून तिच्या बैठकीवर एकेक सरळ लाल रेघ ओढली. चकती जागची हलली, तर रेघ तुटलेली दिसणार. सूनबाई म्हणाल्या, "आई, नवीन बाटली आहे हो ती." मी म्हटलं, नखांनी कुठे जायचंय?

मग गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात नेऊन मी गाडी पळवली आणि करकचून ब्रेक मारले. पुन्हा पळवली, पुन्हा मारले. पहारेकरी खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसला, त्याची सकाळ मजेत गेली असावी. नंतर खाली शिरून पाहिलं. उजवीकडची रेघ जशीच्या तशी. डावीकडची तुटून दोन तुकडे. बाळ, माझ्या निवृत्तीच्या समारंभात मला एवढा आनंद झाला नव्हता.

गाडी तशीच अलाइनमेंटवाल्याकडे नेली. त्याने रेघ पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रेघ पाहिली. मग दोघांनी मिळून कोडं सोडवलं. ब्रेक मारला की चाक मागे ढकललं जातं. डावा बोल्ट ते पेलत नव्हता, चकती घसरत होती. डावं चाक उजव्याच्या जरा मागे राहिलं की गाडी त्या बाजूला ओढणारच. त्याच्या मशीनवर गाडी उभी असते, तिथे कोण ब्रेक मारतंय? बोल्ट तर तो दर वेळी आवळत होता, मग घसरत का होता? म्हणून त्याने तो बाहेर काढला.

आता खुर्चीला धरून बस. चकतीवर, तिच्या बैठकीवर, आट्यांवर, जिथे म्हणून बोट पोचेल तिथे, हिरवं ग्रीस थापलेलं होतं. जाड, गुळगुळीत, प्रेमाने लावलेलं. तो म्हणाला, "हे भाग कोरडे ठेवायचे असतात, मावशी. घट्ट धरून राहायचं तेच यांचं काम. कुणी लावलं हे?" मी सांगितलं, माझ्या धाकट्या भावाने. गाडी उंच करताना पुढचं सगळं काम त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अंगणात केलं आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

ग्रीसचा डबा दिसला की तुला राहवत नाही, हे काय मला नवीन आहे? फाटकाच्या बिजागऱ्या झाल्या, शिवणयंत्र झालं, बाबांची छत्री झाली. छत्री तर उघडली की आपोआप मिटायची. आणि माझ्या सायकलच्या ब्रेकची रबरंही तू कुरकुरतात म्हणून ग्रीसने माखून दिली होतीस. मी शाळेच्या उतारावरून थेट शाळेतल्या नन सिस्टरांच्या गुलाबांत गेले होते. तेव्हाही तू घरी सांगितलंस की ताईला सायकल नीट येत नाही.

आता सगळं पुसून, कोरडं करून, नव्या चकत्या घालून बोल्ट आवळलाय. काल हमरस्त्यावर स्टीअरिंग नुसत्या दोन बोटांनी धरलं होतं. गाडी अशी सरळ चालली की मी मोठ्याने गायला लागले, आणि माझा आवाज कसा आहे ते तुला ठाऊक आहे.

हे सगळं तुझ्या बायकोला फोनवर सांगितलं. ती हसली, हसली आणि मग एकदम गप्प झाली. मी वॉर्डातली बाई, गप्प बसणाऱ्याकडून काढून घेणं मला जमतं. गाडी मला देताना तू म्हणाला होतास, चढायला गुडघे कुरकुरतात. गुडघ्यांचं काही नव्हतं. तुझ्या मुलांनी तुला समोर बसवून 'बाबा, आता पुरे' म्हटलं, किल्ली मागितली आणि तू हूं की चूं न करता दिलीस. तेव्हापासून अंगणात खुर्ची टाकून डब्यातले नट मापाप्रमाणे लावत बसतोस, संध्याकाळी पुन्हा एकत्र ओततोस आणि सकाळी पुन्हा लावतोस, असं ती म्हणाली. त्या रविवारी वळण येईपर्यंत शेजारच्या सीटवरचा तुझा चेहरा मी तिरक्या नजरेने पाहत होते. तुझा पाय रिकाम्या जागी क्लच दाबत होता. आणि तरीही, तुझ्या बाबतीत जे झालं तेच तू माझ्या बाबतीत केलंस. त्याबद्दलचा माझा राग उतरलेला नाही, तो मी जपून ठेवलाय.

पण पत्र रागासाठी लिहिलेलं नाही. माझ्या जुन्या रुग्णालयाला डोंगरातल्या वस्त्यांवर दर पंधरवड्याला औषधं आणि एक नर्स पोचवायची आहे. वाटेत ओढे आहेत, त्यांची गाडी खालून दगडांना घासते. आपली घासत नाही. काम मला मिळालंय. अट एकच, गाडीत दोन चालक हवेत, दोघांचेही डोळे आणि हात तिथल्या डॉक्टरांनी तपासून पास केलेले. दुसऱ्या चालकाच्या जागी मी तुझं नाव दिलंय. मुलांची परवानगी विचारायची नाही, डॉक्टरांची विचारायची. तेव्हा गिऱ्हाईकाला नकार कळव आणि 'येतो' एवढा एक शब्द कागदावर, सहीनिशी, शुक्रवार, २० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडू दे. फोन चालणार नाही, फोनवर तू नुसतं 'बघू' म्हणतोस. पाचनंतर ती जागा मी तुझ्या बायकोला देईन. मी तिला विचारलंय, ती तयार आहे.

तुझीच, रागावलेली आणि वाट पाहणारी,
ताई