नकाशेवाल्याचे हक्क

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, आयुष्यभर पटकथा लिहून पोट भरलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. हृदय कधीही दगा देईल असं डॉक्टर म्हणतात. डोकं शाबूत असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला आहे. तो सोबत जोडला आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव धाकट्या भावाला. माझ्या चारही साहसपटांचा दिग्दर्शक तोच. आमचा नायक नकाशेवाला. त्याच्यावरून आम्ही जितके भांडलो, तितके वडिलांच्या इस्टेटीवरूनही भांडलो नाही. भाऊ म्हणायचा, "ताई, पूल कोसळू दे, हा नशिबानं वाचू दे. लोक टाळ्या वाजवतील." मी म्हणायचे, "मग यानं केलं काय? नुसता सापडला आणि सुटला?" जे करायचं ते नायकानं स्वतः ठरवून करावं, ही माझी अट. दुसऱ्या भागात मी ती रेटली. पूल काढून टाकला आणि नायकाला दगडाच्या खाणीवरून उडी मारायला लावली.

२. पोस्टरवर माझं नाव दिवेवाल्यांच्याही खाली टाकणाऱ्या निर्मात्याला काहीही देऊ नये. मी गेल्यावर तो भेटायला आलाच, तर भाषण करू देऊ नये.

३. नकाशेवाल्याचे सहाव्या भागापासूनचे सर्व हक्क टोळच्या मुलीला. टोळ म्हणजे नायकाच्या जागी उड्या मारणारा आमचा माणूस. खाणीच्या कडेला उभं राहून त्यानं मला विचारलं होतं, "ताई, बाजूनं पायवाट आहे की. हा तिकडून का जात नाही?"

"पायवाटेनं गेला तर नायक कसला?"

तो हसला आणि त्यानं उडी मारली. दोर तुटला नाही, दोराची खुंटी उखडली. दवाखान्यात अकरा दिवस काढून तो गेला. भावानं चित्रपटात तीच उडी ठेवली, जमीन दिसायच्या आधी कापून. मी हरकत घेतली नाही.

४. पाचव्या भागात तीच खाण आहे आणि नायकाच्या जागी उडी टोळची मुलगी मारणार आहे. करारावर माझी सही झाली आहे. आता ते थांबवणं माझ्या हातात नाही. उडीच्या जागी पायवाट घालून मी चार नवी पानं लिहिली. भाऊ म्हणाला, "जन्मभर नायकानं ठरवावं म्हणालीस, आणि आता तूच कच खातेस?"

मुलीला घरी बोलावलं. तिनं पानं शांतपणे वाचली.

"छान आहेत, आत्या. पण तुम्ही परत दुसऱ्याच्या वतीनं ठरवताय. ही उडी मी मागून घेतली आहे."

"कशासाठी गं?"

"बाबांना शेवटी काय दिसलं, ते बघायचंय."

ती चार पानं भावाला द्यावीत.

५. ती माझ्या आधी गेल्यास (हे कलम मला नको होतं, वकील म्हणाले, लिहावंच लागतं) नकाशेवाल्याचे हक्क कुणालाही देऊ नयेत. मालिका तिथंच थांबावी.

साक्षीदार पहिले: माझे डॉक्टर.

साक्षीदार दुसरे: कपडेपटाचे शिंपीकाका. सही करताना ते म्हणाले, "पोरीनं पोशाखातली पाठ वाचवणारी गादी काढायला लावली. वळायला अडतं म्हणे. काढली मी."

ठिकाण: राहतं घर. आज शुक्रवार. चित्रीकरण सोमवारी आहे.