तू येण्याआधीची पाच मिनिटं

ता. १९, मंगळवार

ती. ताईस,
सा. न.

आम्ही सगळे बरे आहोत. पोहण्याचा तलाव पुन्हा सुरू झाला, माझी जीवरक्षकाची ड्यूटी सकाळची आहे. तू जेवणात मीठ घेणं सोडलंस असं भाचीने सांगितलं, म्हणून लिहायला बसलो.

भावजी गेल्यावर तुझ्याकडे समाचाराला आलेली माणसं पाहून मला शिसारी आली. ‘तिसरा अटॅक होता म्हणे.’ ‘मीठ सुटत नव्हतं ना!’ उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि आपले काका, अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले, बिस्किटं खात खात प्रत्येकाला छाती धरून अटॅक कसा येतो ते करून दाखवत होते.

भावजींना अटॅक कधी आलाच नव्हता. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. छातीत दुखतं, दरदरून घाम फुटतो, पण माणूस बहुतेकदा शुद्धीवर असतो, बोलतो. भावजींचं दुखणं वेगळं. त्यांचं हृदय दोन वर्षं दमलेलं होतं, रक्त पुरेसं ढकलत नव्हतं. म्हणून पाय सुजायचे, झोपायला तीन उशा लागायच्या. मिठाने सूज वाढते हे खरं. पण त्या आठवड्यात सूज उतरली होती. जुने बूट पायात गेले म्हणून ते किती खूश होते. तुझ्या हातच्या जेवणाने ते गेले नाहीत, ताई.

त्या दुपारी झालं ते तिसरंच. हृदयाची लय एकाएकी बिघडली आणि ते थांबलं. बोलता बोलता माणूस कोसळतो, श्वास बंद. अशा वेळी छाती दाबायची, लगेच आणि जोरात, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. हे मी दर वर्षी रबरी पुतळ्यावर पन्नास जणांना शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हाच ते कोसळले. काका म्हणाले, “अटॅक आलाय, हलवू नका त्याला, पाणी पाजा.” ते चूक आहे हे मला कळत होतं. तरी मी त्यांना अडवलं नाही.

तू आलीस तेव्हा मी त्यांच्या छातीवर वाकलेलो होतो. भावाने शर्थ केली, असं तू सगळ्यांना सांगतेस. कसली शर्थ? त्याआधीची पाच मिनिटं मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांना उलटी झाली होती, तोंडभर, मानेवर. मला किळस आली. जिन्यात तुझी पावलं वाजली तेव्हा कुठे मी गुडघे टेकले.

डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, वेळेत दाबलं असतं तर कदाचित.

तोंडाला तोंड लावायचीही गरज नव्हती, नुसते हात पुरले असते. त्यांचं तोंड पुसायला म्हणून मी रुमाल काढला होता. तो मी स्वतःच्या नाकाला धरला.

तुझा भाऊ,
तुला अजून चालत असेल तर