वाचनालयाचा संगणक सोळावरून चोवीसवर कसा चढला

मुळंचिरा सार्वजनिक वाचनालय,
तुलाम (ऑक्टोबर-नोव्हेंबर) महिन्याची एकोणीस तारीख

तीर्थरूप गोपालेट्टन यांना धाकटी मावसबहीण सौदामिनी हिचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मस्कतला जिने नसतात असं आमच्या वहिनी, रमणी एडत्ती, म्हणाल्या होत्या, म्हणजे बराच असणार. एडत्तींचा रक्तदाब वाढला असेल तर त्यांना लोणचं सोडायला सांगा (ऐकणार नाहीत, पण सांगा). इकडे आमच्या फणसावर वीज पडली. फणस तसाही तीन वर्षं धरत नव्हता, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मी बरी आहे. नाणू माषही बरे आहेत, फक्त दहा दिवस माझ्याशी बोलत नव्हते. वाचनालयाचे अध्यक्ष (माष) आणि चिटणीस (मी) एकमेकांशी बोलत नाहीत म्हटल्यावर गावाला वाटलं की पुस्तकं चोरीला गेली. तसं काही नाही. सगळं तुमच्या संगणकावरून झालं.

नऊ वर्षांपूर्वी सुट्टीत येऊन तुम्ही तो बसवलात, त्यात सोळा सालची सिस्टीम घातलीत आणि विमानात बसलात. तेव्हापासून त्याला कुणी नवं काही दिलेलं नाही. यंदा तो एकही साइट उघडेना. नवं पुस्तक नोंदवायला गेलं की मी फार जुना आहे असं स्वतःच सांगायचा. तालुक्याहून जोबी आला (संगणक दुरुस्त करतो, एका हाताने, दुसऱ्या हातात फोन असतो). त्याचं म्हणणं, सगळं पुसून एकदम चोवीस सालची टाकू, अर्ध्या तासात मोकळे. त्या डब्यात कुंजीप्पेण्णूची भातलावणीची बावीस गाणी आहेत हे त्याला माहीत नव्हतं. कुंजीप्पेण्णू गेल्या मेडम महिन्यात, भर उन्हाळ्यात, वारली. तिच्याइतकी गाणी पंचक्रोशीत आता कुणाला येत नाहीत, आणि ती फक्त त्या एका डब्यात होती. जोबीला मी चहा देऊन परत पाठवलं.

मग मी वाचायला बसले. गोपालेट्टा, एकोणसाठाव्या वर्षी मी दोनशे पानी वही भरली. सोळावरून थेट चोवीसवर उडी मारायची नाही; आधी अठरा, मग वीस, मग बावीस, मग चोवीस. प्रत्येक पायरीवर थांबायचं, छपाई होते का, मल्याळम टंकता येतं का, पुस्तकांची यादी उघडते का ते बघायचं, आणि मगच पुढे. सगळ्यात आधी मात्र नक्कल करून ठेवायची. हे सगळं मी हाताने कागदावर उतरवलं, कारण संगणकच बंद पडला तर संगणकातल्या सूचना कोण वाचणार? (हे माझं स्वतःचं डोकं. कुठल्याही सूचनेत नव्हतं.)

नक्कल मी लगेच केली आणि डिस्क कपाटात ठेवून माषांना विजयी चेहऱ्याने सांगितलं. माष गणित शिकवायचे, विजयी चेहऱ्यांची त्यांना सवय नाही. त्यांनी डिस्क घरी नेली, मुलीच्या संगणकाला लावली आणि संध्याकाळी परत आले. बावीस गाण्यांचं वजन मिळून एका फोटोएवढंही भरत नव्हतं. मी गाणी उतरवलीच नव्हती. पडद्यावर त्यांच्याकडे जायची जी बावीस चित्रं होती तेवढीच उतरवली होती. म्हणजे घर हलवायचं म्हणून दारावरच्या पाट्या काढून नेल्या. माष नुसता चष्मा पुसत राहिले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं. मी पुन्हा, या वेळी खरोखरची, नक्कल केली. एक नव्हे, दोन. आणि मग तीन सकाळी माषांच्या ओसरीवर बसून बावीसच्या बावीस गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. उघडून ऐकल्याशिवाय ती नक्कल नव्हे, असं मी वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

पहिली पायरी सकाळी आठला सुरू केली (दुपारी गडगडाट असतो, म्हणून बारानंतर हात लावायचा नाही असा नियमच केला). अडीच तासांत अठरावर पोचलो. दुसऱ्या पायरीला मात्र आभाळाने नियम पाळला नाही. साडेदहालाच वीज गेली. आपला इन्व्हर्टर होता, पण तो शेजारच्या खोलीतल्या लोणचेवाल्या बायकांच्या मिक्सरलाही जोडलेला आहे हे तेव्हा लक्षात आलं. मी धावत गेले. त्यांच्यातली सुभद्रा चटणीची डाळ दळत होती, तिला म्हटलं मिक्सर थांबव, आत एक गोष्ट अर्ध्यावर आहे. ती म्हणाली, इथेही अर्ध्यावरच आहे. शेवटी मी मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन पन्नास मिनिटं तिथेच बसले आणि त्या बायकांनी मला संगणकापासून सुनेपर्यंत सगळ्या विषयांवर सल्ला दिला. संगणक वीसवर पोचला. डाळ दुपारी दळली.

तिसऱ्या पायरीनंतर पडदा काळा. पुन्हा चालू केला, पुन्हा काळा. आता स्पष्टच लिहिते: चूक तुमचीही आहे. बाहेरून आणून बसवलेल्या गोष्टी आधी काढाव्यात असं वहीत होतं, मी दोन काढल्याही, पण तुम्ही कुठूनसा आणलेला, पडदा चालवणारा ड्रायव्हर तेवढा ठेवला, कारण तो एट्टनने, म्हणजे थोरल्या भावाने, बसवला आहे. आदर दाखवायची ती जागा नव्हती. माष खुर्चीवरून उठले.

"सौदामिनी, आता पुरे. जोबीला बोलावू या."

"माष, गाणी दोन डिस्कवर आहेत आणि ती मी ऐकली आहेत. तेव्हा मला घाबरायचं कारण नाही. तुम्ही मात्र घाबरला आहात, बाहेर जाऊन बसा."

असं मी माझ्या शिक्षकाला म्हणाले. सातवीत त्यांनी मला अपूर्णांक शिकवले आहेत. ते गेले, मी कडी लावली, आणि वहीच्या एकशे बाराव्या पानावरून एकेक ओळ टंकत गेले: संगणक दुरुस्तीच्या वाटेने उघडायचा, तो ड्रायव्हर काढायचा, पुन्हा चालू करायचा. सव्वा तास लागला. पडदा उजळला तेव्हा मी कुणाला हाक मारली नाही. आधी पहिलं गाणं लावलं. कुंजीप्पेण्णूचा आवाज खिडकीतून बाहेर गेला, आणि कडी काढली तर माष पायरीवर पाठमोरे बसले होते. वळले नाहीत.

त्यानंतर ते बोलेनात. आठवडाभर मी एकटीनेच सगळं तपासलं, नवी नक्कल घेतली, आणि परवा चौथी पायरी केली. काहीही झालं नाही. एवढी तयारी करून काहीही होऊ नये याचं थोडं वाईट वाटलं. काल माष आले, यादीत एक पुस्तक शोधलं, सापडलं, म्हणाले, "वही मला वाचायला दे." समेट झाला असं मी धरते.

तर संगणकाची काळजी नसावी. एडत्तींना नमस्कार.

तुमची,
सौदामिनी

ता. क. खरं म्हणजे हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी लिहिलं. सतराव्या गाण्याच्या शेवटी ध्वनिमुद्रण बंद करायचं राहिलं होतं. इतकी वर्षं कुणी तिथवर ऐकलंच नव्हतं. गाणं संपल्यावर वल्ल्यम्माचा आवाज येतो. तुमची आई त्या दिवशी कुंजीप्पेण्णूला पान द्यायला आली होती. ती म्हणते, तिसरी ओळ चुकली गं; मग दोघी हसतात, आणि ती स्वतः ती ओळ म्हणून दाखवते. अकरा मिनिटं आहे. फोनवर पाठवा असं म्हणू नका, पाठवणार नाही. वल्ल्यम्मा गेल्यापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत. या, खुर्चीवर बसा आणि ऐका.

आणखी एक. माष म्हणतील की मी ते रोज ऐकते. खोटं आहे. रविवारी वाचनालय बंद असतं.