बिलाखालच्या दोन ओळी

अकोला, मंगळवार संध्याकाळ

बियाण्याच्या दुकानांची पत्रकं मी घरून डिझाइन करते, चांदूर बाजारचे रफिकचाचा छापतात. त्यांचं बिल मेलवर येतं, खाली दोन ओळी घरच्या. दिवाळीत मी बिलं आपोआप फोल्डरात जायची सोय केली, तेव्हापासून त्या ओळी वाचल्याच नाहीत. काहून नाही वाचल्या?

आज टॅक्सच्या रिटर्नसाठी फोल्डर उघडलं. शेवटच्या बिलाखाली होतं, ‘पिकं गेली, दुकानदार पत्रकं काढत नाहीत. मशीन विकून राहिलो. तुहं पहिलं काम हिच्यावरच निघालं, एकदा चहाले येऊन जाय.’

लगेच फोन लावला.

“वाचलं का बेटा?”

“आजच.”

“मशीन तं मागच्या महिन्यातच गेली. जाऊ दे. चहा झाला का तुहा?”

झाला म्हटलं. झाला नव्हता.