बिनशब्दांची सहा मिनिटं

२१ ऑक्टोबर १९७५, मंगळवार

कोणीतरी सांगतंय. आमच्या चौघांतलंच कोणीतरी!

गाणी तपासणाऱ्या सोलच्या सरकारी कचेरीतून ओम दादा आज तोंड पाडून परतले. आमच्या तबकडीची पहिली बाजू मंजूर. दुसऱ्या बाजूला एकच गाणं आहे, अठरा मिनिटांचं — ते अडकलं. शब्द आम्ही आधीच लिहून दिले होते, शिक्काही मिळाला होता. शब्दांवर त्यांचं काही म्हणणं नाही. तिथला चष्मेवाला दादांना म्हणाला, "ही बाई मधे सहा मिनिटं कशासाठी विव्हळते? त्याचा कागद कुठाय?"

विव्हळते म्हणे. गाते मी. शब्द नाहीत एवढंच. दादांची गिटार जिकडे जाईल तिकडे मी जाते. चार वर्षं अमेरिकन शिपायांच्या क्लबात न कळणाऱ्या भाषेत गायले, तेव्हा कोणी कागद मागितला नव्हता.

पण खरी गोष्ट ती नाही. ती सहा मिनिटं कुठेच लिहिलेली नव्हती. रेकॉर्डिंगच्या दिवशी दादांनी ऐनवेळी मान हलवून खूण केली आणि मी सुरू झाले. खोलीत कोण होतं? मी, दादा, ड्रमवर प्यो, ऑर्गनवर तक. काचेपलीकडे म्हातारे रेकॉर्डिस्ट गू — ते तर घरी बायकोशीही बोलत नाहीत. तबकडी तर आम्ही अजून तिकडे पाठवलेलीच नाही. मग चष्मेवाल्याला घड्याळ लावून सहा मिनिटं कशी कळली?

कुठेतरी पाणी मुरतंय.

२२ ऑक्टोबर

रात्रभर हिशेब मांडला. दादा नाहीत. स्वतःचं गाणं बुडवून त्यांना काय मिळणार? प्योच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो हेर असता तर पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून मोकळा झाला असता.

उरला तक वॉन-जे. एकवीस वर्षांचा, मला ताई म्हणणारा, आवाज न करता बसणारा. असलेच असतात.

२५ ऑक्टोबर

चौकात पोलिसांनी प्योला लांब केसांसाठी पुन्हा धरलं. पुरुषांनी केस वाढवायला बंदी आहे. कात्री घेऊन उभेच असतात. कपाळापासून मानेपर्यंत मधोमध पट्टा काढून सोडून दिलं. प्यो आला तो हसतच. "तिसरी वेळ. आता तो पोलीस मला विचारतो, नेहमीसारखाच कापू का?"

दादा तर दोन महिने गल्लीबोळांतूनच चालतात. आणि तकचे केस? खांद्यापर्यंत, काळेभोर, एकही इकडचा तिकडे नाही. भर शहरातून रोज दोन बस बदलून येतो हा मुलगा!

मी विचारलंच. "तुझे बरे कोणी कापत नाही?"

"नशीब, ताई," म्हणाला आणि ऑर्गनचं झाकण उघडायला वळला. नजरेला नजर दिली नाही.

आख्ख्या सोलमध्ये एकट्याचंच नशीब बरं उजळलं. आणखी एक — रोज दहा मिनिटं उशिरा येतो, आल्या आल्या एक कातडी बॅग घेऊन बाहेरच्या संडासात जातो, मगच आत येतो, आणि निघताना आमच्याबरोबर कधी निघत नाही. बॅगेत काय असतं?

२९ ऑक्टोबर

आज त्याच्या मागावर गेले. डोक्याला रुमाल बांधला होता. तो बाजारामागच्या एका कॉफीच्या दुकानात शिरला. मी समोर चेस्टनट भाजणाऱ्या बाईजवळ उभी राहिले. पाऊण तास! दोन कारकून बाहेर पडले, एक म्हातारा, एक टोपीवाला. तक नाही. आत जाऊन पाहिलं तर जागा रिकामी. मागच्या दाराने पसार. इतकं शिकवलेलं असतं तर या लोकांना.

प्योला सांगितलं. तो म्हणाला, "बोंग-निम, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. पोरगी असेल त्याची."

असेल. आणि ती पोरगी मिशीवाली असेल.

३ नोव्हेंबर

दादांच्या कानावर घातलं. त्यांनी वाद्य पुसता पुसता ऐकून घेतलं. "त्याचे पाय ऑर्गनवर नसतील तर आपल्या गाण्याला खालचा सूरच नाही. बासवाला ठेवायची आपली ऐपत नाही. पुरावा आण, मग बोल."

दादांचं हे असंच. यांना माणसापेक्षा सूर मोठा.

८ नोव्हेंबर

तकने आज माझ्यासाठी येताना गुळाची गरम पोळी आणली. खाल्ली नाही. प्योला दिली.

१९ नोव्हेंबर

घरमालकीणबाईंबरोबर दिवसभर किमचीचं लोणचं घातलं. साठ कोबी. हात तिखटाने पेटलेत, पेन धरवत नाही. बाई म्हणाल्या, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना गांजासाठी पकडताहेत, तुमच्यात असलं नाही ना काही? मी म्हटलं, आम्हाला कोबीसुद्धा परवडत नाही.

दादा ओढतात. सगळ्यांना माहीत आहे. तकलाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आज मला चौकशीला बोलावलं होतं. सगळं लिहून ठेवते.

पाटी नसलेली इमारत. खोलीत एक टेबल, एक शेगडी. समोरचा माणूस संत्रं सोलत होता. अर्धं मला दिलं. खूप सभ्य. म्हणाला, "तुमच्यात गांजा कोण ओढतं? एक नाव लिहा आणि घरी जा. नाही लिहिलं तर बसा. आम्हाला घाई नाही."

बाजूच्या खोलीत कोणीतरी बसलेलंच होतं. खोकला ऐकू येत होता. नुसता खोकला, पण मी घाबरले. खूप घाबरले. दादांचं नाव गेलं तर दादा गेले, तबकडी गेली, सगळंच गेलं. कोणीच ओढत नाही म्हटलं तर याने अजून एक संत्रं सोललं असतं.

आणि मग सुचलं. तक! त्यांचाच माणूस त्यांच्या पदरात घालायचा. त्याला काय होणार? कागद खणात टाकतील आणि हसतील. दादा वाचले, मी सुटले, कोणाच्या केसालाही धक्का नाही. चांगल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं — तक वॉन-जे, ऑर्गनवादक. खाली त्यांनी अंगठ्याचा ठसाही घेतला.

तासाभरात बाहेर. ते संत्रं गोड होतं हेही खरं.

स्टुडिओत सांगितलं, नुसता पत्ता विचारला. दादांनी सुस्कारा सोडला. तक मात्र माझ्याकडे बघतच राहिला. "तासाभरात सोडलं, ताई? दादांच्या दोस्ताला तर तीन दिवस बसवलं होतं."

चोराच्या मनात चांदणं.

९ डिसेंबर

तीन दिवस तक नाही. निरोपही नाही. काम झालं, गडी गेला. प्यो म्हणतो, घरी जाऊन बघू. मी म्हटलं, कोणत्या घरी? त्याचं घर तरी कोणी पाहिलंय?

११ डिसेंबर

तबकडी मंजूर! अठराच्या अठरा मिनिटं. अट एकच — वेष्टणाच्या मागच्या बाजूवरून तकचं नाव काढायचं. दादा 'बरं' म्हणाले.

मला हसू आलं. आपल्या माणसाचं नाव असं झाकतात होय!

१३ डिसेंबर

गू म्हातारे आज बोलले. आपण होऊन! चहाचा पेला हातात घेऊन म्हणाले, "सहा मिनिटांचं कोडं काय घेऊन बसलीस? नमुन्याची तबकडी कंपनी थेट कचेरीत पाठवते. या वेळी तुम्हाला न विचारता पाठवली. ऐकली त्यांनी. कान आहेत त्यांना."

कोणी सांगितलंच नव्हतं.

मग केस? मग ते मागचं दार? मी म्हाताऱ्यांना विचारलं, तुम्हाला नक्की माहीत आहे? ते म्हणाले, "मीच बांधून दिली."

१४ डिसेंबर

तकची बहीण आली. सुन-ये. कारखान्यात टोप बनवते, परदेशात जातात ते केसांचे टोप. बोटांना सुयांची भोकं. तिच्या हातात ती कातडी बॅग होती.

बॅगेतून तिने टोप काढला. खांद्यापर्यंत, काळाभोर.

"मार्चमध्येच पोलिसांनी त्याचं डोकं भादरलं, ताई. तुमचे ओम दादा म्हणाले होते ना, भादरलेला माणूस माझ्या मंचावर पुढे नको, लोक हसतात? घाबरला तो. मग मी नापास झालेला एक टोप दुरुस्त करून दिला. रस्त्यात टोपी घालायचा, पोचला की हा; परतताना कुठल्यातरी दुकानात शिरून पुन्हा टोपी. कोणाला सांगू नको म्हणाला. ताईंना तर मुळीच नको, त्या चिडवतील."

आठ तारखेपासून तुरुंगात आहे. त्याआधी दोन दिवस त्या पाटी नसलेल्या इमारतीत. गांजासाठी. "तो विडीसुद्धा ओढत नाही हो. कोणीतरी नाव दिलंय. कोण असं करेल, ताई?"

मी म्हटलं, माहीत नाही. तिला बार्लीचा चहा करून दिला. ओतताना अर्धा बशीत सांडला. तिला वाटलं, मला त्याचीच काळजी.

मी केलं हे. मी. टोपीवाला माझ्या समोरून गेला होता आणि मी मागचं दार शोधत बसले.

१६ डिसेंबर

त्या इमारतीपर्यंत गेले. सांगायचं होतं की खोटं लिहिलं. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, काय काम? म्हटलं, पत्ता चुकला.

उद्या जाईन.

१७ डिसेंबर

गेले नाही.

२२ डिसेंबर

सुन-ये त्याला भेटून आली. त्याने माझ्यासाठी निरोप दिलाय — "ताईला सांग, माझं चुकलं. ती तासाभरात सुटून आली तेव्हा मला वाटलं, ती त्यांचीच. मला नाव विचारलं तेव्हा मी तिचं दिलं. म्हटलं, आपल्याच माणसाला ते काय करणार? आता इथे ऐकलं, तिला पकडणार आहेत; म्हणजे ती त्यांची नव्हती. तिला म्हणावं, लगेच गावी जा, आणि जमलं तर माफ कर."

सुन-ये माझे हात धरून रडली. मी तिला सांगितलं, त्याला म्हणावं, माफ केलं.

माझं तिला सांगितलं नाही.